दगडांचे पारखी फ्रीड्रिख मोस

शब्बाथशाळेत लहान मुलांचा वर्ग घेणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. एखादा मुलगा खिशातून दगड काढतो. विहिरीच्या खोदकामातून निघालेल्या ढिगाऱ्यात त्याला तो सापडलेला असतो. दगड चकाकत असतो, आणि तो हिरा आहे की काय, हे बाईंनी किंवा गुरुजींनी तिथल्या तिथे सांगावे अशी त्याची अपेक्षा असते. आपण बहुधा काचेसारखे काहीतरी आहे असे म्हणून दगड परत देतो व धडा पुढे चालू करतो. मुलगा दगड पुन्हा खिशात घालतो, पण त्याचे समाधान झालेले नसते. खरे पाहता त्याचा प्रश्न अगदी रास्त आहे, आणि त्याचे उत्तर द्यायला प्रयोगशाळाही लागत नाही. तांब्याची तार, चाकू, काचेचा तुकडा आणि थोडा धीर एवढ्यावर बरेच काम भागते. ही सोय ज्यांनी करून ठेवली ते फ्रीड्रिख मोस. त्यांचे नाव पुष्कळांनी शाळेत असताना पाठ केलेले असते. त्यांचे चरित्र मात्र आपल्याकडे फारसे कोणी सांगत नाही.

मोस यांचा जन्म २९ जानेवारी १७७३ रोजी गेर्नरोड या गावी झाला. हे गाव आजच्या जर्मनीत हार्झ पर्वताच्या पायथ्याशी आहे. त्या वेळी ते आनहाल्ट-बेर्नबुर्ग नावाच्या एका लहानशा संस्थानात होते. गावातले संत सिरियाकस यांच्या नावाचे दगडी मंदिर दहाव्या शतकातले. मूळचे ते जोगिणींच्या मठाचे होते. धर्मसुधारणेनंतर तेथे प्रॉटेस्टंट उपासना होऊ लागली. मोस जन्मले तेव्हा ते मंदिर आठशे वर्षांचे झालेले होते. हार्झच्या डोंगरात शतकानुशतके चांदी, शिसे व तांबे यांच्या खाणी चालत आल्या होत्या. अशा मुलखात वाढलेल्या मुलाला दगडांची ओढ लागावी यात नवल नाही. वडील व्यापारी होते, पण मुलाचे मन व्यापारात रमले नाही. वयाच्या तेविसाव्या वर्षी, म्हणजे १७९६ साली, त्यांनी हाले येथील विश्वविद्यालयात प्रवेश घेतला आणि रसायन, गणित व पदार्थविज्ञान या विषयांचा अभ्यास केला. दोन वर्षांनी ते फ्रायबेर्गला गेले.

फ्रायबेर्ग येथे १७६५ साली खाणकामाचे विद्यापीठ स्थापन झाले होते, आणि आब्राहाम वेर्नर यांच्यामुळे त्याची कीर्ती युरोपभर झाली होती. दूरदूरच्या देशांतून विद्यार्थी त्यांच्या पायाशी येऊन बसत. खनिजे त्यांच्या बाह्य लक्षणांवरून कशी ओळखावीत यावर वेर्नर यांनी १७७४ साली एक लहानसे पुस्तक लिहिले होते. रंग, चकाकी, स्पर्श, वास, चव, हाताला जाणवणारा जडपणा व कठीणपणा यांची शिस्तशीर नोंद करायला त्यांनी शिकवले. पद्धत चांगली होती, पण तिच्यात एक उणीव होती. कठीणपणा सांगताना कठीण, अर्धकठीण, मऊ असे शब्द वापरावे लागत, आणि शब्द तोच असला तरी दोघांच्या हाताचा जोर सारखा नसतो. एकाला अर्धकठीण वाटलेला दगड दुसऱ्याला कठीण वाटे.

शिक्षण झाल्यावर १८०१ साली मोस नॉयडॉर्फ येथील एका खाणीत मुकादम म्हणून कामाला लागले. पुढच्याच वर्षी त्यांनी ऑस्ट्रियाची वाट धरली. व्हिएन्ना येथे फान डेर न्यूल नावाचे एक धनाढ्य पेढीवाले होते. त्यांच्यापाशी खनिजांचा मोठा संग्रह होता, पण त्यात काय काय आहे याची नीट यादी नव्हती. प्रत्येक नमुना ओळखून त्याचे वर्णन लिहिण्याचे काम मोस यांच्याकडे आले. ती यादी १८०४ साली प्रसिद्ध झाली.

या कामात त्यांच्यापुढे काय अडचण उभी राहिली असेल, हे आपल्यालाही घरबसल्या समजू शकते. रंगावर भरवसा ठेवावा तर तो फसवतो. गार पांढरी असते, गुलाबी असते, जांभळी असते आणि धुरकटही असते. उलट जांभळा दगड दिसला म्हणून तो गारच असेल असे नाही. तो फ्लोराइट असू शकतो. रंगावरून नावे ठेवण्याची सवय फार जुनी आहे. निर्गमाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात महायाजकाच्या ऊरपटावरील बारा रत्ने दिली आहेत, पण त्यांतील कित्येक नेमकी कोणती याबाबत निरनिराळ्या भाषांतरांचे आजही एकमत नाही. जुन्या काळचे लोक एका रंगाच्या वेगवेगळ्या खड्यांना एकच नाव देत, हे त्याचे एक कारण आहे. मग रासायनिक पृथक्करण करावे तर त्यासाठी नमुन्याचा तुकडा कुटून विरघळवावा लागे. इतक्या हौसेने जमवलेल्या संग्रहाचा चुरा करण्याची परवानगी कोणता मालक देईल? तेव्हा नमुना आहे तसा ठेवून, डोळ्यांनी पाहून, हातांनी तपासून, वजन करून त्याची ओळख पटवावी या मताकडे मोस झुकले. हा मार्ग त्यांनी आयुष्यभर सोडला नाही. त्याने त्यांना कीर्ती दिली आणि पुढे वादातही ओढले.

१८११ साली ऑस्ट्रियाच्या राजघराण्यातील आर्चड्यूक योहान यांनी ग्रात्स या शहरी एक संग्रहालय व शिक्षणसंस्था काढली, आणि दुसऱ्याच वर्षी मोस तेथे खनिजविद्येचे प्राध्यापक झाले. आज जगभर त्यांच्या नावाने ओळखला जाणारा कठिनतेचा क्रम याच सुमारास तयार झाला. १८२२ व १८२४ साली दोन भागांत निघालेल्या त्यांच्या ग्रंथात तो सविस्तर आला.

त्यातली कल्पना इतकी साधी आहे की, ती आधी कोणाला कशी सुचली नाही असे वाटावे. कठीण वस्तूने मऊ वस्तूवर चरा पडतो; मऊ वस्तूने कठीण वस्तूवर पडत नाही. मोस यांनी दहा खनिजे निवडली आणि प्रत्येकाने आपल्या आधीच्यावर चरा पाडावा अशी त्यांची रांग लावली. पहिले शंखजिरे. त्याचीच भुकटी आपण टाल्कम पावडर म्हणून अंगाला लावतो. दुसरे जिप्सम, फळ्यावर लिहायचे खडू बहुधा याचेच. तिसरे कॅल्साइट, संगमरवर हा कॅल्साइटचाच खडक. चौथे फ्लोराइट आणि पाचवे ॲपेटाइट. आपल्या दातांवरचे कवच ॲपेटाइटच्याच कुळातले आहे. सहावे फेल्स्पार, सातवी गार, आठवा पुष्कराज, नववे कुरुविंद आणि दहावा हिरा. माणिक आणि नीलम ही दोन्ही कुरुविंदाचीच रूपे आहेत. बाजारात पिवळ्या नीलमालाही पुष्कराज म्हणतात, पण तो पुष्कराज आठव्या पायरीचा नव्हे, नवव्या पायरीचा.

हिऱ्याच्या टोकाने इतर वस्तूंवर कोरता येते हे लोकांना पुरातन काळापासून ठाऊक होते. यिर्मयाच्या सतराव्या अध्यायाच्या आरंभीही लोखंडी लेखणीबरोबर हिरकणीच्या टोकाचा उल्लेख आहे. मोस यांनी केले ते हे की, शंखजिरे आणि हिरा यांच्यामधल्या पायऱ्या त्यांनी बसवून दिल्या. पायऱ्यांसाठी निवडलेली खनिजेही, हिऱ्यासारखी एकदोन सोडली तर, दुर्मिळ नव्हती. त्यामुळे ग्रात्समधला प्राध्यापक आणि एडिंबरोमधला विद्यार्थी या दोघांना एकच मोजपट्टी वापरता येऊ लागली.

ही दहाही खनिजे घरी जमवण्याची गरज नाही. आपल्या बोटाचे नख सुमारे अडीचच्या पायरीचे असते. तांबे तीनच्या जरा वर येते. पूर्वी तांब्याचा पैसा वापरत. हल्लीची बरीचशी नाणी पोलादाची असल्यामुळे ती येथे चालत नाहीत, पण विजेच्या तारेतील जाडसर तांबे चालते. चाकूचे पाते आणि खिडकीची काच ही दोन्ही साडेपाचच्या आसपास येतात आणि लोहाराची कानस साडेसहाच्या जवळपास. एखादा दगड नखाने ओरबाडला जात नाही, तांब्यानेही जात नाही, पण चाकूने जातो, असे झाले तर त्याचे स्थान साडेतीन ते साडेपाच यांच्यामध्ये कोठेतरी आहे. हजारो खनिजांतून आपण एका लहानशा घोळक्यापर्यंत येऊन पोहोचलो.

करताना मात्र काही पथ्ये पाळावी लागतात. चरा पडला असे वाटले की तेथे ओले बोट फिरवून पाहावे. पुष्कळदा दगडावर नुसती चाकूची किंवा तांब्याची भुकटी लागलेली असते आणि ती पुसली जाते. खरा चरा पुसला जात नाही. दगडाने काचेवर आणि चाकूने दगडावर, अशी उलटसुलट दोन्हीकडून परीक्षा घ्यावी. ऊनपावसाने कुजलेला पृष्ठभाग मऊ झालेला असतो, म्हणून ताजी फुटलेली बाजू निवडावी. आणि चांगल्या स्फटिकाच्या दर्शनी भागावर चरा पाडू नये. मागचा कोपरा त्यासाठी असतो. जुन्या काळी खनिजे जिभेला लावून पाहत. मुलांना ते मुळीच करू देऊ नये, कारण काही खनिजांत शिसे आणि सोमल असतो. हात धुवायलाही विसरू नये.

कठिनता ही मोस यांच्या परीक्षेतली एक बाजू झाली. स्फटिकाचा आकार आणि विशिष्ट गुरुत्व या दोन गोष्टींनाही ते तेवढेच महत्त्व देत. विशिष्ट गुरुत्व हे नाव अवघड वाटते, कृती सोपी आहे. दगड दोऱ्याने बांधून तराजूला टांगावा आणि वजन घ्यावे. मग तसाच पाण्यात बुडालेला ठेवून पुन्हा वजन घ्यावे. समजा हवेत ५३ ग्रॅम भरला आणि पाण्यात ३३ ग्रॅम, तर घट २० ग्रॅमची. ५३ ला २० ने भागले की २·६५ येतात, आणि हे गारेचे विशिष्ट गुरुत्व आहे. शिशाचे खनिज गॅलेना साडेसातच्या आसपास भरते. त्याचा लहानसा खडाही हाताला खाली ओढतो.

तिसरी परीक्षा कसाची. सोनार कसोटीच्या दगडावर सोने घासून त्याची रेघ पाहतो, तशीच खनिजाचीही रेघ पाहता येते. घरातल्या टाइलची मागची, चकाकी नसलेली पांढरी बाजू त्याला पुरते. बाहेरून काळेभोर दिसणारे हेमॅटाइट टाइलवर लालसर तपकिरी रेघ काढते; गोव्यातल्या वाचकांना हे लोहखनिज शोधायला लांब जावे लागणार नाही. पिवळ्या धमक पायराइटला लोक सोने समजून बसतात, पण त्याची रेघ हिरवट काळी उमटते, आणि त्याने काचेवर चरा पडतो. सोन्याने पडत नाही. ओढ्याच्या वाळूत चमकणाऱ्या सोनेरी टिकल्या तर बहुधा अभ्रकाच्या असतात, आणि त्यांचे पापुद्रे नखाने सुटतात.

बेळगाव, इंदूर आणि महाराष्ट्राचा बराचसा भाग काळ्या खडकावर वसलेला आहे. त्या खडकाच्या पोकळ्यांत पांढरे किंवा बिनरंगी स्फटिक सापडतात, आणि मुलांच्या खिशातून येणारा दगड बहुधा हाच असतो. त्याने काचेवर स्पष्ट चरा पडला आणि चाकूने त्याला काहीच झाले नाही, तर ती गार समजावी. चाकूने तो सहज ओरबाडला गेला, तर थोडी भुकटी काढून तिच्यावर व्हिनेगरचे दोन थेंब टाकावेत. बुडबुडे आले तर कॅल्साइट. नाही आले तर तो झिओलाइट कुळातला, किंवा त्यांच्याबरोबर सापडणारा ॲपोफिलाइट असण्याचा संभव मोठा. हैदराबादकडे ग्रॅनाइट आहे. त्यातले गुलाबी, सपाट पृष्ठांनी फुटणारे फेल्स्पार आणि काचेसारखी वेडीवाकडी फुटणारी गार शेजारीशेजारी पाहायला मिळतात. वडोदऱ्याच्या मंडळींना तर मोस यांची चौथी पायरी जवळच आहे, कारण छोटा उदेपूरजवळ आंबाडुंगर येथे फ्लोराइटचे मोठे साठे आहेत.

व्हिनेगरचा उल्लेख झाला तो मोस यांना फारसा रुचला नसता. बुडबुडे येणे ही रासायनिक क्रिया आहे, आणि खनिजांचे वर्गीकरण करताना रसायनाला जागा देऊ नये असा त्यांचा आग्रह होता. लिनीअस यांनी वनस्पतींची वर्ग, गण, प्रजाती आणि जाती अशी मांडणी केली, तशीच खनिजांची व्हावी, हा त्यांचा खरा ध्यास होता. वनस्पती ओळखताना आपण तिची राख करत नाही, मग दगड ओळखताना त्याचा चुरा का करावा, असा हा विचार. त्यांनी खनिजांना नवी जोडनावेही दिली. साध्या कॅल्साइटला ऱ्हाँबोहेड्रल लाइम-हॅलॉइड, फ्लोराइटला ऑक्टोहेड्रल फ्लोर-हॅलॉइड, अशी ती नावे होती. ती लोकांच्या तोंडी बसली नाहीत यात लोकांचा दोष आहे असे म्हणवत नाही.

गुरू वेर्नर १८१७ साली वारले, आणि पुढच्याच वर्षी फ्रायबेर्ग येथील त्यांच्या जागी मोस यांची नेमणूक झाली. हा मोठा मान होता. गुरूच्या खुर्चीवर बसून ते स्वतःची पद्धत शिकवू लागले. स्फटिकांचे आकार काही मोजक्या संहतींत बसतात हा सिद्धान्त त्यांनी याच काळात मांडला. परंतु बर्लिनचे प्राध्यापक वाइस यांनी तशीच मांडणी १८१५ साली केली होती, आणि आधी कोण यावरून दोघांमध्ये मोठा वाद झाला. दोघेही वेर्नर यांचेच शिष्य. ज्यांचे अक्ष एकमेकांशी काटकोनात नसतात अशाही संहती असतात, हे ओळखण्याचे श्रेय पुष्कळसे मोस यांना दिले जाते. पण त्याआधीच्या कामाचे श्रेय वाइस यांनाही मिळायला हवे.

याहून मोठे आव्हान स्वीडनमधून आले. तेथील रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियस यांनी १८१४ पासून खनिजे त्यांच्या रासायनिक घटकांवरून लावायला सुरुवात केली होती. हळूहळू तोच मार्ग रूढ झाला. अमेरिकेतील जेम्स डेना यांनी १८३७ सालच्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात मोस यांच्या धर्तीची मांडणी घेतली होती, पण १८५४ च्या आवृत्तीत त्यांनीही रासायनिक वर्गीकरण पत्करले. ज्या रचनेवर मोस यांनी उभे आयुष्य खर्च केले, ती अशा रीतीने मागे पडली.

यात मोस सर्वस्वी चुकले असे मात्र मला वाटत नाही. हिरा आणि पेन्सिलीतले ग्रॅफाइट, दोन्ही शुद्ध कार्बनच. एकाचे स्थान दहावे, दुसरे नखानेही ओरबाडले जाते. कॅल्साइट आणि ॲरागोनाइट यांचे रासायनिक घटकही तेच, पण स्फटिक वेगळे. निव्वळ रसायन या जोड्यांना वेगळे करू शकत नाही. म्हणूनच आज खनिजाची व्याख्या करताना रासायनिक घटना आणि स्फटिकाची रचना अशा दोन्ही गोष्टी घेतात. मोस आणि बर्झेलियस यांना एकाच बाकावर बसवल्यासारखे झाले.

त्यांच्या कठिनतेच्या क्रमाबद्दलही एक गैरसमज नेहमी आढळतो. त्यातले आकडे केवळ क्रमांक आहेत. वर्गातल्या पहिल्या दहा मुलांना द्यावेत तसे. हिरा हा अ‍ॅपेटाइटच्या दुप्पट कठीण असा त्यांचा अर्थ नव्हे. उपकरणांनी मोजून पाहिले तर कुरुविंद पुष्कराजाच्या साधारण दुप्पट, आणि हिरा कुरुविंदाच्या सुमारे चौपट कठीण भरतो. नऊ आणि दहा यांच्यामधली पायरी सर्वांत उंच आहे.

मोस यांच्या शिष्यांत विल्हेल्म हायडिंगर हे विशेष निष्ठावान. ग्रात्सहून ते गुरूबरोबर फ्रायबेर्गला गेले, नंतर एडिंबरोला राहिले, आणि १८२५ साली त्यांनी मोस यांचा ग्रंथ इंग्रजीत आणला. त्यामुळे ब्रिटन आणि अमेरिकेत हा क्रम माहीत झाला. १८२६ साली मोस प्राध्यापक म्हणून पुन्हा व्हिएन्नाला आले. ज्या शहरात त्यांनी एका पेढीवाल्याच्या संग्रहाची यादी केली होती, त्याच शहरात आता राजसंग्रहातील खनिजे त्यांच्या हाती होती. पुढच्या वर्षी त्यांच्या सन्मानार्थ एका खनिजाला मोसाइट असे नाव देण्यात आले. दुर्दैवाने ते नवे खनिज नव्हते. पुढे ते इल्मेनाइटच ठरले आणि ते नाव बाद झाले. खनिजे ओळखण्यात हयात घालवलेल्या माणसाच्या नावाचे खनिजच ओळखण्यात चूक व्हावी, हा योग विचित्र खरा.

१८३५ साली त्यांनी अध्यापन सोडून सरकारच्या खाण खात्यात जागा घेतली. १८३९ साली, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, दक्षिण इटलीतील ज्वालामुखींचा मुलूख पाहण्यासाठी ते निघाले. तेथवर ते पोहोचले नाहीत. आल्प्सच्या दक्षिण उतारावर बेलुनोजवळ आगोर्दो नावाचे तांब्याच्या खाणींचे गाव आहे. ते त्या वेळी ऑस्ट्रियाच्या अमलाखाली होते. तेथे २९ सप्टेंबर १८३९ रोजी त्यांचे देहावसान झाले. व्हिएन्नातील त्यांच्या रिकाम्या झालेल्या जागेवर पुढच्या वर्षी हायडिंगर यांची नेमणूक झाली.